आठ संघ आणि १४ हंगाम : राजे डेव्हिसची कारकीर्द कशी मोजावी?

प्रश्न : धरमपेठकर

नमस्कार. माझी भाची नागपुरात शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते आणि तिच्यामुळे मी अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल नियमाने पाहू लागलो. सध्या राजे डेव्हिस या आउटफिल्डरविषयी, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूविषयी, वाचत आहे. २००६ ते २०१९ या काळात तो पिट्सबर्ग, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, टोरोंटो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बॉस्टन आणि न्यूयॉर्क मेट्स अशा आठ संघांकडून खेळला; ओकलंड आणि क्लीव्हलंडकडे तर तो दोनदा होता. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आले आणि आपल्या पहिल्या दोन रणजी विजेतेपदांत त्यांचा मोठा वाटा राहिला, म्हणून संघ बदलण्यात कमीपणा आहे असे मी मानत नाही. परंतु इतक्या वेळा संघ बदलावा लागणे, हे तो कोणालाच फारसा नको होता याचे लक्षण समजावे का?

उत्तर १ : महालचा वाचक

बरेचसे कारण तेथील नियमांत आहे. संघाच्या ४० जणांच्या यादीतील खेळाडूला खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये मुक्तपणे पाठवण्याची मुभा साधारणपणे तीन हंगामांपुरतीच असते. त्यानंतर त्याला खाली पाठवायचे झाल्यास आधी ‘वेव्हर’ या सोडत-यादीवर ठेवावे लागते, म्हणजे उरलेल्या २९ संघांपैकी कोणीही त्याच्यावर हक्क सांगू शकतो. एप्रिल २००८ मध्ये ओकलंडने डेव्हिसला सॅन फ्रान्सिस्कोकडून याच मार्गाने घेतले. त्याआधी, जुलै २००७ मध्ये, पिट्सबर्गने मॅट मॉरिस या पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी) त्याला देऊन टाकले होते. मेजर लीगमधील सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत साधारणपणे खेळाडूला स्वतःचा संघ निवडता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

तो नकोसा होता, हे मात्र मला पटत नाही. २०१० च्या अखेरीस त्याला मिळवण्यासाठी टोरोंटोने ओकलंडला दोन पिचर दिले, आणि पुढे डेट्रॉइटने दोन वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, ३८व्या फेरीत निवडल्या गेलेल्या खेळाडूकडून एवढी मजल सहसा कोणाला अपेक्षितही नसते.

उत्तर २ : जामठ्याचा प्रेक्षक

त्याला मागणी का होती, हेही सांगायला हवे. बॅटने तो मध्यम होता. कारकिर्दीची सरासरी ०.२६२, म्हणजे दर हजार प्रयत्नांत सुमारे २६२ यशस्वी फटके, आणि होमरन, म्हणजे बेसवरील सर्वांच्या धावा पूर्ण करणारे फटके, ६२. परंतु त्याने ४१५ बेस चोरले (चेंडू मारला न जाता धावत पुढचा बेस गाठला), आउटफिल्डच्या तिन्ही जागा सांभाळल्या, आणि २०१६ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ४३ बेस चोरून अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकात, पहिला आला. अटीतटीच्या सामन्यात अखेरच्या डावांत बदली धावपटू म्हणून उतरवता येईल आणि गरज पडल्यास सेंटर फील्ड ही आउटफिल्डची मधली जागाही सोपवता येईल असा माणूस प्रत्येक चांगल्या संघाला हवा असतो, मात्र त्याच्यासाठी दीर्घ करार करायला फारसे कोणी तयार नसते. संघ बदलत राहण्याचे खरे कारण मला येथे दिसते.

२०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना आपल्याकडे ३ नोव्हेंबरच्या सकाळी, दिवाळी नुकतीच सरलेली असताना, चालू होता. आठव्या डावात दोन गडी बाद झाले होते आणि क्लीव्हलंड अजूनही दोन धावांनी मागे होता. समोर त्या काळातील सर्वांत वेगवान पिचरांपैकी एक, अरोल्डिस चॅपमन. डेव्हिसने बॅट मुठीपासून बरीच वर धरली, कारण इतक्या वेगापुढे झटकन फिरणारी आखूड बॅटच उपयोगी पडते, आणि चेंडू डाव्या कोपऱ्यातून थेट प्रेक्षकांत गेला. बेसवर एक धावपटू होता, म्हणून दोन धावा आणि बरोबरी, ६-६. दहाव्या डावात शिकागो कब्ज दोन धावांनी पुढे गेल्यानंतर डेव्हिसनेच पुन्हा एक धाव करून दिली, तरी सामना ८-७ असा हातून गेला. वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्यांना मिळणारी अंगठी त्याला कधीच मिळाली नाही, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

उत्तर ३ : सक्करदरा

मागणी होती हे मान्य, परंतु खेळाडूच्या बाजूनेही पाहावे. आपल्याकडे रणजीपटू राज्य बदलतो तेव्हा तो स्वतः आपल्या संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागतो. मेजर लीगमध्ये संघ खेळाडूला न विचारता त्याची अदलाबदल करू शकतात. करारात तशी खास अट नसेल, तर अशी अदलाबदल नाकारण्याचा हक्क ज्याची दहा वर्षे सेवा झाली आहे आणि त्यातील शेवटची सलग पाच वर्षे एकाच संघाकडे गेली आहेत, त्यालाच मिळतो. म्हणजे ज्याला वारंवार हलवले जाते, त्याला नियमाने हे संरक्षण मिळत नाही. सर्वाधिक गरज असलेला खेळाडू नेमका वगळला जातो, आणि माझ्या मते हा नियम अन्यायाचा आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये ओकलंडने डेव्हिसला हंगाम चालू असतानाच बॉस्टनकडे पाठवले. २०१९ मध्ये तो मेट्सच्या खालच्या श्रेणीच्या संघात खेळत होता. २२ मे रोजी अचानक बोलावणे आल्यावर तो पेनसिल्व्हेनियाहून उबर करून न्यूयॉर्कला पोहोचला, आठव्या डावात बदली फलंदाज म्हणून उतरला आणि शॉन डूलिटलला तीन धावांचा होमरन मारला. याच डूलिटलला त्याने २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून खेळताना, शेवटच्या डावात ४-१ अशी पिछाडी असताना, तिन्ही बेसवर धावपटू असताना सामना जिंकून देणारा होमरन मारला होता. तेव्हा डूलिटल ओकलंडकडे होता आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टनकडे.