मदत हवी आहे: पुष्कराज घेतला, कार्डावर मात्र सफायर!

गंगापूररोड: नमस्कार. उत्तर जरा लवकर हवंय. मुलासाठी पुष्कराज घेतला. घरी येऊन लॅबचं कार्ड नीट वाचलं तर 'कोरंडम, येलो सफायर' लिहिलंय. सफायर म्हणजे नीलम ना? गुरूचा खडा मागितला आणि शनीचा दिला? सराफ म्हणतात, "ताई, दगड एकच, रंग वेगळा." असं कसं असेल? गुरुवारी अंगठीत बसवायचाय.

सिन्नरकर: किती रत्ती? कितीला घेतला? कार्डावर शेरा काय आहे?

गंगापूररोड: सव्वापाच रत्ती. किमतीचा काय संबंध? माझा प्रश्न नावाचा आहे.

गुरुजी_पंचवटी: ताई, पुष्कराज सोन्यात आणि तर्जनीतच घाला. नीलम असेल तर पत्रिका दाखवल्याशिवाय हातही लावू नका.

खडकवेडा: पत्रिकेचं नंतर बघू. सराफ खरं बोलले. कोरंडम म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. शुद्ध असेल तर पाण्यासारखा पांढरा. त्यात किंचित क्रोमियम शिरलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम जोडीनं आलं की नीलम, नुसत्या लोहानं बहुधा पिवळा. इंग्रजीत लाल सोडून बाकी सगळ्या रंगांना सफायरच म्हणतात, म्हणून तुमचा घोळ झाला. आपल्या बाजारात पिवळ्या सफायरलाच पुष्कराज म्हणतात. कोशात पुष्कराज म्हणजे टोपाझ सापडेल, पण तो वेगळा दगड, कोरंडमपेक्षा मऊ आणि पुष्कळ स्वस्त. टोपाझ निघाला असता तर काळजी होती!

जुनेनाशिक: घरी तपासा. नोटा बघायचा जांभळा टॉर्च घ्या आणि दिवे मालवा. आमच्या आजीच्या कुडीतलं माणिक असं पेटतं, जणू चुलीतला निखारा. पेटलं की अस्सल.

खडकवेडा: असं सांगू नका हो. ती चमक क्रोमियमची. कारखान्यातल्या माणकातही क्रोमियमच असतं, तेही तसंच पेटतं, आणि अशी माणकं १९०० च्या दशकापासून बनतायत. शिवाय ताईंचा खडा पिवळा आहे.

जुनेनाशिक: मग पाचू का पेटत नाही? त्यातही क्रोमियमच ना?

खडकवेडा: काही पाचू मंद लाल दिसतात, पण लोह असेल तर चमक मारली जाते. तुमच्या प्रश्नात खरी गंमत पुढेच आहे. पाचूचं घर बेरिल नावाच्या खनिजाचं. तिथं क्रोमियमभोवतीची पकड माणकापेक्षा सैल, म्हणून ते वेगळा प्रकाश शोषतं आणि हिरवं दिसतं. तेच क्रोमियम, घर बदललं की रंग बदलला. मला हे अजून नवल वाटतं.

सिन्नरकर: हिरव्यावरून आठवलं, सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघाच. तिथले झिओलाइट खनिजांचे स्फटिक पाहून पोरं जागची हलत नाहीत. आपल्याच दख्खनच्या काळ्या दगडातले आहेत ते.

सराफीत_२०_वर्षं: शेऱ्याचं उत्तर आलंच नाही. खडा तापवलेला आहे का? श्रीलंकेचा गेउडा, म्हणजे दुधट रंगाचा कच्चा कोरंडम, भट्टीत दीड हजार अंशांच्या वर तापवला की आतलं रुटाइल, म्हणजे टायटॅनियमचं खनिज, विरघळतं, टायटॅनियम मोकळं होतं आणि निळा रंग फुलतो. पिवळेही तापवतात. बाजारात हे चालतं.

खडकवेडा: चालतं, पण सांगून. न तापवलेल्याचा भाव लावून तापवलेला देणं म्हणजे फसवणूकच.

सराफीत_२०_वर्षं: ते मान्य. म्हणूनच शेरा विचारतोय.

गंगापूररोड: आत्ता भिंगातून वाचलं. खाली बारीक अक्षरात 'तापवल्याच्या खुणा आढळल्या' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे. आणि बिलावर 'अनहीटेड' लिहिलंय.

सराफीत_२०_वर्षं: मग बसवू नका. बिल, कार्ड आणि खडा तिन्ही घेऊन जा. नावाचा वाद काढू नका, या दोन ओळी शेजारी ठेवून विचारा. बदलून देत नसतील तर दुसऱ्या लॅबचा लेखी अहवाल घ्या. बसवल्यावर "आमचा खडाच नाही" म्हणायला वाट मिळते.

गंगापूररोड: उद्या दुकान उघडलं की जाते. पण गुरुवारचं काय?

गुरुजी_पंचवटी: पुढचा गुरुवारही गुरूचाच आहे, ताई. आधी खडा बदलून घ्या.