मदत हवी आहे: सेंटर जायबंदी, ऑफेन्सिव्ह लाइन कशी लावू?

टेक्सासमध्ये मुलाच्या सातवीच्या अमेरिकन फुटबॉल संघात मी ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे आक्रमणात पुढे उभं राहून विरोधकांना अडवणाऱ्या पाच जणांचा, सराव घ्यायला मदत करतो. आमच्या सेंटरचं, म्हणजे या रांगेच्या मधोमध राहून बॉल मागे देणाऱ्याचं, मनगट मोडलंय, या मोसमात तो परतणार नाही. मॅच दहा दिवसांवर.

आता मुलं सहा, जागा पाच. सगळ्यात ताकदवान आणि पायांनी चपळ मुलगा लेफ्ट टॅकलला, म्हणजे रांगेच्या डाव्या टोकाला आहे. क्वार्टरबॅक (बॉल घेऊन थ्रो करणारा) उजव्या हाताचा, म्हणजे थ्रो करताना त्याची पाठ डावीकडे असते. ती बाजू उघडी टाकायचा धीर होत नाही.

राइट गार्डला (सेंटरच्या लगेच उजवीकडचा) सेंटर करून चार सराव घेतले. क्वार्टरबॅक लगेच मागे उभा असेल तर स्नॅप (मागे दिलेला बॉल) ठीक जातो. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक चार-पाच यार्ड मागे उभा राहिला की, दहातले तीन-चार बॉल थेट घोट्याशी. वर मुलगा डोकं उचलेपर्यंत समोरचा नोज गार्ड (विरोधी बचावफळीतला मधला) त्याच्या छातीवर आलेला असतो. रोज पन्नास जादा स्नॅप करून घेतले. दिशा सुधारली, उंची नाही. लेफ्ट टॅकलने सहज म्हणून स्नॅप केले तर सगळे क्वार्टरबॅकच्या हातात!

शॉटगन बंद करायला मुख्य कोच तयार नाहीत. आम्ही मुख्यतः रन (बॉल घेऊन धावणं) खेळतो, पास मॅचमध्ये आठ-दहाच. टाइट एंड (टॅकलच्या बाहेरच्या बाजूला उभा राहणारा) डावीकडे लावता येईल, ब्लॉकिंग बरं करतो.

मग लेफ्ट टॅकललाच सेंटरला आणून डावीकडे टाइट एंडचा आधार देऊ, की गार्डवरच मेहनत घेऊ? आणि गार्डच ठेवायचा तर स्नॅपची उंची वाढवायला नेमकं काय करून घ्यायचं?