प्रतिसाद: पौर्णिमा आणि हरणांचा माज
पौर्णिमेमुळे हरणं माजावर येतात, हे वरचं म्हणणं मला पटत नाही. थंड मुलखातल्या हरणांचा माज दिवस लहान होऊ लागले की सुरू होतो. रात्र वाढली की शरीरात मेलाटोनिन हे अंधारात तयार होणारं संप्रेरक जास्त वेळ पाझरतं, त्यावरून ऋतू कळतो. आपल्याकडच्या चितळांची पाडसं तर बारा महिने दिसतात.

चंद्राचा खरा जोर बघायचा तर खाडीच्या तोंडाशी या. आमच्याकडे डोल, म्हणजे वाहत्या पाण्यात रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, लावतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, पाण्याला ओढच नसते, जाळं लुळं लोंबतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेच जाळं तट्ट फुगतं आणि जवळा, बोंबील भरभरून येतात. मासळीचं वागणं बदललं असं वाटतं खरं, पण मोठा वाटा ओढीचा असतो.