जोडणी बिनचूक, पण व्यवसायाच्या नोंदीचं काय?

कोणत्या व्यवसायात कर्करोगाचा धोका जास्त, हे शोधणाऱ्या नॉर्डिक देशांतल्या (स्वीडन, नॉर्वे वगैरे) अभ्यासाबद्दल असा दावा केला जातो की तिथे ओळख क्रमांकामुळे कर्करोग नोंदणी जनगणनेशी बिनचूक जुळते, म्हणून निष्कर्षही पक्के. पहिला भाग जवळपास मान्य. स्वीडनमध्ये 1947 पासून प्रत्येकाला असा क्रमांक आहे, त्यामुळे नाव आणि जन्मतारखेवरून अंदाज बांधत बसावं लागत नाही. पाच देशांतल्या सुमारे दीड कोटी लोकांचा अभ्यास त्यामुळेच शक्य झाला.

माझी शंका दुसऱ्या भागाबद्दल आहे. माणूस बरोबर सापडला, तरी त्याचा व्यवसाय जनगणनेच्या वेळचाच कळतो. 1960 ला प्लंबर असलेला 1963 ला दुकान टाकून बसला, तरी पुढची कित्येक वर्षं तो अभ्यासात प्लंबरच. शिवाय एकाच व्यवसाय-संकेतांकाखाली ॲस्बेस्टॉस (कर्करोगाला कारण ठरणारं तंतुमय खनिज) हाताळणारे आणि न हाताळणारे दोघेही येतात. अशा सरमिसळीने खरा धोका बहुतेकदा सौम्य दिसतो. तरीही प्लंबरांमध्ये मेसोथेलिओमा (मुख्यतः ॲस्बेस्टॉसमुळे होणारा, बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) ठळकपणे जास्त दिसला, म्हणून तो निष्कर्ष मला भक्कम वाटतो. उलट 'धोका आढळला नाही' असं जिथे लिहिलंय, तिथे मी सहज विश्वास ठेवणार नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत तर आणखी जपून, कारण धूम्रपानाची माहिती या जनगणनांमध्ये नाहीच.