शब्दचर्चा : 'मंडपरूपी गृह', इथे मंडप का?

घोरपडीकर :
पुढच्या महिन्यात सासऱ्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाची उपासना आहे. पत्रिकेवर २ करिंथ ५:१ (करिंथकरांस दुसरं पत्र) हे बायबलचं वचन घालायचं ठरलं आहे, ज्यात 'पृथ्वीवरील मंडपरूपी गृह' मोडलं तरी देवाने दिलेलं घर स्वर्गात आहे असं म्हटलंय. नणंदेचं म्हणणं, मंडप म्हटलं की पुण्यात एक तर गणपती नाहीतर लग्न. सोसायटीतले लोक पत्रिका हातात घेऊन बुचकळ्यात पडतील, त्यापेक्षा सरळ 'तंबू' करा. दीर म्हणतात, वचनाला हात लावायचा नाही. दोघं एकमेकांशी बोलेनासे व्हायच्या आत मला दोन गोष्टी सांगा. इथे 'मंडप' कुठून आला? आणि नावाआधी 'स्वर्गवासी' लिहावं की 'ख्रिस्तवासी'?

जुना वाचक :
नणंदबाईंचा कान तिखट आहे, पण बदल करू नका. कारण सांगतो.

हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने वापरलेला ग्रीक शब्द आहे 'स्केनोस'. 'स्केने' म्हणजे तंबू, राहुटी, आणि हा त्याचाच भाऊबंद. इथलं घर म्हणजे आपला देह, आणि देहाला असं तंबू म्हणण्याची रीत ग्रीकांत आधीपासून होती, त्यामुळे उपमा पौलाच्या पदरची नाही. पण त्याच्या तोंडी ती शोभते. प्रेषितांची कृत्ये १८:३ काढून बघा. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे उतरला, कारण तिघांचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा. पुढे पत्र गेलं ते याच करिंथकरांना. त्यांच्यातल्या काहींनी तरी त्याला कामाला बसलेलं पाहिलं असणार. अशा माणसाने 'आपलं इथलं घर म्हणजे तंबू' असं लिहिलं, तर तो काय बोलतोय हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

मग तंबूच का नको? मराठी बायबलात हा शब्द एकटा नाही, म्हणून. इस्राएल लोक रानात चाळीस वर्षं फिरत होते तेव्हा देवाची उपासना ज्या तंबूत होई, त्याला आपल्या भाषांतरात 'निवासमंडप' आणि 'दर्शनमंडप' म्हटलं आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्यालाही 'स्केने'च आहे. म्हणजे मराठी भाषांतरकारांनी 'मंडप' लिहिलं तेव्हा एक सलग धागा ठेवला. तुम्ही पत्रिकेवर तंबू केलात, तर दोरी तिथेच तुटली. शिवाय तंबू म्हटलं की मला सर्कस आठवते, आणि ते गणपतीपेक्षा बरं कसं, हे नणंदबाईंनी सांगावं.

त्याच वचनात समोरच्या बाजूला दुसरा शब्द आहे, 'ओइकोदोमे', म्हणजे पाया घेऊन बांधलेली इमारत. एक उभारलेलं आणि एक बांधलेलं, असा हा सरळ विरोध आहे. मात्र पुढच्या दोन-तीन वचनांत पौल ते घर चक्क अंगावर घालायला निघतो. 'आम्हाला उघडं व्हायचं नाही, वरून आणखी पांघरायचं आहे' असा त्याचा आशय आहे. एखाद्या मास्तराने लाल शाईने खूण केली असती, की बाबा, घर की वस्त्र, काय ते एक ठरव. पण या गोंधळातच मुद्दा आहे. आत्मा देहाच्या पिंजऱ्यातून सुटून भुर्रकन उडून जाईल, ही ख्रिस्ती आशा नव्हे. देहाला नवं रूप मिळेल, पुनरुत्थान होईल, ही आहे. आपल्या दफनविधीतल्या निम्म्या भाषणांत पहिली गोष्ट सांगतात आणि कबरेपाशी वाचन मात्र दुसऱ्या गोष्टीचं करतात.

कनातवाला :
ख्रिस्ती धर्मातलं मला काही कळत नाही, पण मंडपाचं बोलू शकतो, आमचा घरचा धंदा आहे. मंडप 'मोडला' असं आमच्यात कुणी म्हणत नाही. मंडप टाकतात, घालतात, उभा करतात, आणि काम झालं की सोडतात. 'सोडतात' हाच शब्द, कारण सगळा खेळ गाठींचा. वासे उभे केले, आडवे टाकले, काथ्याच्या दोरीने आवळले. उतरवताना आधी झालर आणि पडदे, मग कनाती, मग वरची ताडपत्री, आणि शेवटी गाठी. नवशिका पोरगा कोयत्याने दोरी कापायला जातो आणि शिव्या खातो, कारण तीच दोरी उद्या दुसरीकडे लागणार असते. वासा मोडला तर नुकसान, सोडला तर काही नाही. मोडतात ते अतिक्रमण.

लग्नात तर 'मोडणं' तोंडातूनही काढत नाहीत. मुहूर्तमेढ रोवून मांडव घालतात, आणि कार्य पार पडलं की मांडव परततात. मांडवपरतणं हा विधीच आहे. परतला म्हणजे जिथलं तिथे गेलं.

जुना वाचक :
कनातवाले, तुम्ही नकळत ग्रीकचा तास घेतलात. त्या वचनातलं क्रियापद आहे 'काताल्यो'. त्यातल्या 'ल्यो'चा अर्थच सोडणं, मोकळं करणं. इमारत पाडण्यालाही तो शब्द चालतो, म्हणून मराठीत 'मोडून टाकण्यात आले' असं आहे आणि ते चूक नाही. पण प्रवासात मुक्कामाला उतरणं, जनावरांच्या पाठीवरचं ओझं सोडणं, यालाही तोच शब्द. त्यावरून झालेला 'कातालुमा' म्हणजे उतरायची जागा. लूकच्या दुसऱ्या अध्यायात, येशूच्या जन्माच्या वेळी, जिथे जागा मिळाली नाही ती उतारशाळा. भाषांतर माझ्या हातात असतं तर मी 'सोडला' लिहिलं असतं. तंबू शिवणाऱ्याच्या तोंडी तेच नैसर्गिक.

शनिवारातून :
मंडपाचं ठीक. मला 'स्वर्ग' खटकतो. आमच्याकडे स्वर्ग म्हणजे इंद्राचा, आणि कायमचा अजिबात नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे, 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'. पुण्याई संपली की परत खाली. म्हणजे आमचा स्वर्ग ही फार तर भाड्याची खोली, तीही आगाऊ भरलेल्या पैशांपुरती. तुमच्या वचनात 'सार्वकालिक' आहे. मग शब्द चुकीचा निवडला असं नाही का होत? मोक्ष किंवा वैकुंठ जास्त जवळचे होते.

रामवाडी :
वैकुंठ वापरून झालंय, दादा! फादर स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, गोव्यातल्या साष्टीत राहून मराठी शिकला आणि ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं. पहिली छपाई १६१६. त्यात देवाच्या घराला सर्रास 'वैकुंठ' आहे. ऐकणाऱ्या नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांना ते परकं वाटलं नसणार. पण तो शब्द टिकला नाही. कोकणीत आम्ही 'सर्ग' म्हणतो, मराठीत स्वर्ग. वैकुंठात विष्णू आधीच राहायला आहे, तेव्हा तिथे दुसऱ्याचं नाव लावणं अवघडच होतं. आणि पुण्यात तर वैकुंठ म्हटलं की नवी पेठेतली स्मशानभूमीच डोळ्यासमोर येते. पत्रिकेवर मंडप चालेल, वैकुंठ नको.

जुना वाचक :
शनिवारातून यांचा आक्षेप बरोबर आहे, पण 'स्वर्ग'ची खरी अडचण वेगळीच आहे. हिब्रू 'शामायिम' आणि ग्रीक 'उरानोस' या दोन्हींचा साधा अर्थ आभाळ. डोक्यावरचं, ढगांचं, आणि देवाचं स्थान म्हणून बोलायचं तेव्हाही तेच. मराठीला मात्र दोन शब्दांतून एक निवडावा लागतो. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात देव 'आकाश व पृथ्वी' उत्पन्न करतो, आणि प्रभूच्या प्रार्थनेत पिता 'स्वर्गातील' असतो.

आता प्रकटीकरण २१ उघडा. पहिल्या वचनात 'नवे आकाश व नवी पृथ्वी'. दुसऱ्यात नवी यरुशलेम 'स्वर्गातून' उतरते. मुळात दोन्हीकडे 'उरानोस'. मराठी वाचणाऱ्याला वाटतं, आकाश हे एक आणि स्वर्ग हे दुसरं, लांबचं ठिकाण. त्यामुळे त्या दृश्यात नगर वरून खाली येतंय, माणसं खालून वर जात नाहीत, याकडे लक्षच जात नाही. त्यात तिसरं वचन बघा, 'देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे'. पुन्हा स्केने! पौलाच्या पत्रात जो शब्द आपल्या तात्पुरतेपणाचा होता, तोच बायबलच्या शेवटच्या पानांत देवाच्या मुक्कामाला लावलाय. म्हणून म्हणतो, मंडप हलवू नका.

शनिवारातून :
हे मला नवीन आहे. मग योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला 'त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' असं जे आहे, तिथेही तंबूच का?

जुना वाचक :
तंबूच. 'एस्केनोसेन', तंबू ठोकला. आणि तिथे मराठीने बाजी मारली आहे. 'वस्ती' हा आपला शब्द कसा आहे बघा. एसटी गावात वस्तीला असते, म्हणजे रात्रीची येते, पहाटे निघते. आणि वस्ती म्हणजे लोक राहतात ती जागाही. शिवाय पुण्यात वस्ती म्हटलं की कुठली घरं, हे सांगायला नको. पत्र्याची, एकाला एक चिकटलेली. तिन्ही अर्थ त्या वचनाला लागू पडतात, तिसरा जास्तच.

रामवाडी :
योहान १४:२ पण घ्या ना पत्रिकेत. 'माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत.' आमच्याकडे दफनाच्या मिस्साला हटकून वाचतात. एक फादर त्यावर नेहमी बंगल्यांचं वर्णन करतात, प्रत्येकाला वेगळा.

जुना वाचक :
ही बंगल्याची कल्पना इंग्रजी भाषांतरातून आली. १६११ च्या इंग्रजी बायबलात तिथे 'मॅन्शन्स' आहे. तो लॅटिन 'मान्सिओ'वरून, आणि त्याचा अर्थ नुसता राहणं, मुक्काम. रोमन रस्त्यांवरच्या उतरायच्या ठाण्यांनाही मान्सिओ म्हणत. पुढे इंग्रजीत मॅन्शन म्हणजे हवेली झाली आणि स्वर्गात प्लॉटिंग सुरू झालं. मूळ ग्रीक 'मोने', राहणे या धातूपासून. नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा याच अध्यायात. २३व्या वचनात दिशा उलटी आहे, पिता आणि पुत्र माणसाकडे राहायला येतात. मराठी 'राहण्याच्या जागा' एकदम चोख. वाडा नाही, महाल नाही, जागा. पुण्यात 'जागा मिळाली का?' या प्रश्नाचं महत्त्व कुणाला सांगायला हवं?

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते १९२४ साली बाहेर आलं. खेड्यातल्या बाईला कळावं, हा त्यांचा हेतू होता. धर्मग्रंथ जड शब्दांतच शोभतो असं मानणाऱ्यांनी दौंडची गाडी पकडून एकदा तिकडे जाऊन यावं.

पेठ बदललेला :
या सगळ्याचा अर्थ इथलं घर म्हणजे काहीच नाही, असा घ्यायचा का? आमचा वाडा पाडला, बिल्डरच्या भाड्यावर दोन बिऱ्हाडं बदलली, नवा ताबा अजून नाही. 'सगळे प्रवासी आहोत' हे ऐकलं की मला राग येतो. ज्यांच्या नावावर तीन फ्लॅट असतात तेच हे सांगतात.

जुना वाचक :
राग रास्त आहे. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात 'परके व प्रवासी' म्हटलंय ते स्वतः तंबूत राहणाऱ्यांना, अब्राहाम आणि त्याच्या घरच्यांना. घर असलेल्याने नसलेल्याला सुनवायचं ते वाक्य नाही. आणि दुसरी बाजूही बायबलात आहेच. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्टा पत्र पाठवतो (२९वा अध्याय) : घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मुक्काम तात्पुरता आहे हे ठाऊक असूनही झाडं लावायला सांगितली आहेत. तेव्हा ताब्याचा पाठपुरावा सोडू नका, वचनाचा आधार आहे.

रामवाडी :
आमच्या 'पॅरिश' (एका चर्चचा परिसर आणि तिथली मंडळी) शब्दातही हेच आहे. ग्रीक 'पारोइकिया', परक्या गावी जाऊन राहणं. आता पॅरिश म्हणजे हद्द आखलेली, रजिस्टर असलेली, पार्किंगवरून भांडणारी संस्था. असो.

घोरपडीकर :
मंडप पक्का. दिरांनी विजयी मुद्रेने चहा मागितला. 'वासी'चं राहिलं.

जुना वाचक :
'ख्रिस्तवासी' लिहा. कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी या सगळ्यांत ठिकाण आहे. ख्रिस्तवासीत ठिकाण नाही, व्यक्ती आहे. पैगंबरवासीची घडणही तशीच. संस्कृतच्या मास्तरांना माणसात 'वास' करणं विचित्र वाटेल, पण पौलाची भाषा सगळी तीच आहे, 'ख्रिस्तामध्ये', 'ख्रिस्ताजवळ'. मेल्यावर नेमकं कुठे, यावर तो फार कमी बोलतो. कोणाजवळ, यावर भरपूर. स्वर्गवासी चूक नाही, सगळ्यांना कळतं, आणि ख्रिस्ती घरांतही लिहितात. पण वर मंडप आणि घर आलेलंच आहे, तेव्हा नावापुढे आणखी एक पत्ता कशाला?

शनिवारातून :
'कै.' मात्र लिहू नका. छापखानेवाले सवयीने टाकतात.

घोरपडीकर :
टाकलं होतं! कच्च्या प्रुफात 'ख्रि. कै.' असं दोन्ही आलं होतं, खोडलं. मागच्या बाजूला योहान १४:२ घेते आहे. त्यात 'तुम्हांला' आहे, ते 'तुम्हाला' करू का? नणंदेचा नवा आक्षेप.

जुना वाचक :
नाही. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार नियमातच बसतो, आणि अवतरण आहे, जसं छापलंय तसं ठेवा. त्यापेक्षा 'मंडपरूपी'तला रू दीर्घ आहे ना, ते बघा. तुमच्या प्रश्नात बरोबर आहे, पण टाइप करणारा ऱ्हस्व करणारच.