समुद्रात तेल सांडलं तर वसमतच्या सुकटीचा पंचनामा कोण करणार?

सुकटवाली, वसमत
नमस्कार. आठवडी बाजारात माझं सुकट-बोंबलाचं पाल असतं. आधी सासूबाई बसायच्या, आता अकरा वर्षं झाली, मी बसते. माल ठोकवाल्याकडून, बहुतेक मुंबईकडचा. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ ते एमएससी एल्सा-३ जहाज बुडालं आणि किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले. पुढच्याच बाजारी एक बाई वाकट्या नाकाला लावून म्हणते, "रॉकेलचा वास यायलाय का बघा." अहो, जहाज केरळात, मासा अर्नाळ्याचा, तोही एप्रिलातच वाळलेला! पण मिरगाच्या तोंडावर लोक पावसाळ्याची बेगमी करतात, आमचा धंदा तेवढाच. त्या दोन बाजारांत निम्मा माल परत घरी आणला.

सासूबाई म्हणतात, २०१० लाही असंच झालं होतं, मुंबईच्या तोंडाशी दोन जहाजं धडकली तेव्हा. चार हजारांच्या मालाला बुरशी लागली.

केरळ सरकारनं मच्छीमारांना घरटी हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ दिला म्हणे. दिला ते बरं केलं, कमीच दिला. पण सप्टेंबरात आमच्या दिराच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी साचलं, तर तलाठी आला, फोटो काढून गेला. माझ्या पालावर कोण येणार? का असल्या नुकसानीला नावच नाही?

मोंढ्यातला, परभणी
ताई, ब्राझीलात पाऊस चांगला झाला की इथं आमच्या आडतीवर सोयाबीनचा भाव पडतो. त्याचा पंचनामा अजून तरी कुणी केला नाही. भाव उतरवा आणि विका.

निवृत्त अव्वल कारकून, हिंगोली
अतिवृष्टीच्या याद्या करण्यात उमर गेली, म्हणून सांगतो. मदत द्यायची तर आधी आपत्ती यादीत बसावी लागते. केंद्राच्या यादीत दुष्काळ, पूर, गारपीट, चक्रीवादळ, कीड, थंडीची लाटसुद्धा आहे. जहाजाचं तेल नाही. म्हणून केरळनं २९ मे २०२५ ला हे जहाज बुडणं राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केलं, तेव्हा कुठं निधीचं कुलूप निघालं. तरी त्यांनी मच्छीमारांबरोबर पूरक कामं करणाऱ्यांनाही धरलं, हे मला आवडलं. पण किनाऱ्याच्या चार जिल्ह्यांतलेच.

आपल्याकडं २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस आणि ३३ टक्के नुकसान, हे जुळलं की शेतकरी यादीत. तुमच्या पालाला गट नंबर नाही, पेरा नाही. तलाठ्याला राग येऊ देऊ नका, त्याच्या नमुन्यात तुमच्यासाठी रकानाच नसतो.

आणि मदत वेगळी, भरपाई वेगळी. भरपाई जहाजवाल्याकडून घ्यायची. केरळनं ९,५३१ कोटींचा दावा लावला, हायकोर्टानं त्याच कंपनीचं दुसरं जहाज केरळातल्याच विळिंजम बंदरात अडकवून ठेवलं, पुढं ते सोडवण्यासाठीच्या हमीचा आकडा १,२२७ कोटींवर आणला. आता किती वर्षं लागतील ते बघा. २०११ च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ एमव्ही राक कोळसा घेऊन बुडालं, आणि हरित लवादानं १०० कोटींचा हुकूम दिला २०१६ ला.

अर्थशास्त्राचा मास्तर, अंबाजोगाई
परभणीकर, ब्राझीलचा पाऊस हा कुणाचा गुन्हा नाही, जहाज बुडण्यात कुणाची तरी जबाबदारी असते. फरक तिथंच आहे.

ताईंसारखी माणसं दाव्यात धरली गेल्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार गेले, तेलविहीर ८७ दिवस वाहत राहिली. तिथल्या सरकारनं बीपी या तेल कंपनीला २० अब्ज डॉलर बाजूला काढायला लावले आणि त्यातून मच्छीमारांसोबत हॉटेलवाल्यांनाही पैसे मिळाले. मात्र मागच्या वर्षांचे हिशेब दाखवा म्हटलं की रोखीनं धंदा करणारा अडकायचा.

सरकारच्या उपायानंही नुकसान होतं, हे आपण विसरतो. तिथं खोल समुद्रातलं ड्रिलिंग सहा महिने थांबवायचं ठरलं, रिगवरच्या कामगारांचा रोजगार गेला, त्यांच्यासाठी बीपीकडून वेगळे १० कोटी डॉलर काढावे लागले. आपल्याकडं २०१० ला, सासूबाई म्हणतात त्याच टकरीत, चित्रा जहाजाचे कंटेनर पाण्यात पडले म्हणून मुंबई आणि जेएनपीटी (न्हावा शेवा) ही दोन्ही बंदरं पाचेक दिवस ठप्प होती.

गंमत म्हणजे, मेक्सिकोच्या आखातातलं, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हद्दीतलं ३७ टक्के पाणी एका वेळी मासेमारीला बंद होतं. ते पुन्हा उघडण्याआधी शिकवून तयार केलेली माणसं मासा हुंगायची, आधी कच्चा, मग शिजवलेला. प्रयोगशाळेची तपासणी होतीच. म्हणजे वाकट्या हुंगणारी तुमची ती बाई पद्धतशीरच वागली! फक्त "हुंगून झालं, मासा चांगला आहे" हे सरकारनं बाजारात ओरडून सांगायला पाहिजे होतं.

एक शंका. मुंबईची ती टक्कर ७ ऑगस्टची आणि त्या साली ११ ऑगस्टच्या आसपास श्रावण लागला. सासूबाईंचं गिऱ्हाईक तेलानं तुटलं की श्रावणानं? दावा तपासणारा पहिलं हेच विचारील.

सुकटवाली, वसमत
सर, विचारलं. जरा रागावल्याच. म्हणाल्या, "श्रावण काय मला नवा हाय का? तवा मी माल भरतच न्हाई. पर त्या साली गौरी उठल्यावरबी कुणी फिरकलं न्हाई." वहीत लिहिलंय का म्हटलं, तर हसायला लागल्या. "वही कशाला? उधारी तोंडपाठ हाय."

मी या बाजारापासून लिहायले, माल किती नेला, किती उठला. काका, ठोकवाला पक्की पावती देत नाही, चिठ्ठीवर नुसता आकडा टाकतो. चालंल का?

निवृत्त अव्वल कारकून, हिंगोली
चालंल का ते अधिकाऱ्यावर. पण चिठ्ठीवर त्याच्याच हातानं तारीख टाकून घ्या, आणि सुकटीच्या पोत्यात ठेवू नका. आमच्या काळात असला कागद टेबलावर आला की साहेब लांबूनच सही करायचे.