बीपीच्या गोळीने हिरड्या वाढतात का? सासूबाईंसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सासूबाईंना (वय ६८) बीपीसाठी अम्लोडिपिन १० मिग्रॅ चालू आहे. हल्ली पुढच्या दातांच्या फटींतल्या हिरड्या फुगून दातांवर चढल्यात. दुखत नाहीत, पण ब्रश लागला की रक्त येतं. नातेवाईक सगळं खापर मिश्रीवर फोडतात. मिश्री त्यांनी केव्हाच सोडली आहे, तरी टोमणे ऐकून घेतात बिचाऱ्या. मला त्याचंच फार वाईट वाटतं.

दंतवैद्य म्हणतात, गोळी बदलून घ्या. बीपीचे डॉक्टर म्हणतात, गोळी छान लागू पडली आहे, कशाला बदलायची? आम्ही ऐकायचं कुणाचं? आणि गोळी बदलली तर हिरड्या आपोआप बसतात की कापाव्याच लागतात?

शिवाय नागीण होऊन गेल्यावर पाठीत आग राहिली, म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन घेतात. तेव्हापासून तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. दिवसभर गालात खडीसाखर असते. आता खालच्या दातांना हिरडीलगत तपकिरी खड्डे दिसतायत. कुणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

प्रतिसाद

ताई, मी दंतवैद्य आहे. मिश्रीने हिरड्या सहसा झिजून खाली सरकतात, अशा वर चढत नाहीत. हे घरात सगळ्यांना सांगा. अम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. फिटच्या फेनिटॉइनने आणि किडनी बदललेल्यांना देतात त्या सायक्लोस्पोरिननेही वाढतात. दातांवर कीटण असेल तर वाढ जोर धरते, म्हणून आधी दात नीट साफ करून घ्या. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. दंतवैद्यांकडून बीपीच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून घ्या, तोंडी निरोपाने काम होत नाही. टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या गटातल्या गोळ्या आहेत, त्या चालतील का ते तेच ठरवतील. गोळी बदलल्यावर काही महिन्यांत बऱ्याच जणांच्या हिरड्या उतरतात, उरलं तरच कापायचं.

खडीसाखर आजच बंद! लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती आटली आणि वर तोंडात सतत साखर, मग उघडी पडलेली मुळं झपाट्याने किडतात. त्याऐवजी पाण्याचे छोटे घोट, बिनसाखरेचं च्युइंगम आणि जास्त फ्लोराइडची पेस्ट (दंतवैद्य लिहून देतील). अमिट्रिप्टिलिनचा डोस कमी करता येईल का, हेही त्या डॉक्टरांना विचारा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.